पुरावा मागतात, दिला तर वाचत नाहीत

प्रश्न

बडोद्याच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. घराच्या तीन पिढ्या बडोद्यात गेलेल्या, चुलत-मामे-मावस मिळून चाळीसएक जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. ११ मार्चला, बडोद्याचे राजे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या जयंतीला, ग्रुपवर एक फॉरवर्ड आला: महाराजांनी १८९३ साली जगात सर्वांत आधी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. ताईंनी लिहिलं, साल चुकलंय, १९०६ हवं. मामेभाऊ १८९३ वर अडून बसला. ताईंनी चार लिंक आणि तीनशे पानांची एक पीडीएफ टाकली. त्यावर तो म्हणाला, "ताई, लिंका फेकू नकोस, काय म्हणायचंय ते तुझ्या शब्दांत सांग." काही दिवसांनी १९११ च्या दिल्ली दरबाराचा, म्हणजे तिथे महाराजांनी बादशहाकडे पाठ फिरवली त्या प्रसंगाचा, विषय निघाला. या वेळी ताईंनी एकही लिंक न देता सगळं स्वतःच्या शब्दांत लिहिलं, तर काकांनी विचारलं, "हे तू म्हणतेस गं, पण पुरावा काय?"

त्या लिहितात: संदर्भ दिले तर पोपटपंची, नाही दिले तर बिनबुडाचं. पुरावा दिल्यावर तरी वाद संपायला नको का? मी इतिहासाची अभ्यासक नाही, एका कंपनीत हिशेब बघते. माझ्या शब्दांना किंमत ती काय? ग्रुपच सोडून द्यावा असं वाटतंय.

उत्तर

ताई, तुम्ही हिशेब बघता, तर तिथूनच सुरुवात करू. तुमच्या टेबलावर कुणी बिलांचा गठ्ठा आणून टाकला आणि म्हणालं, "यात सगळं आहे, बघा," तर त्याला तुम्ही हिशेब म्हणाल का? आणि कुणी नोंद सुबक केली पण व्हाउचरच जोडलं नाही, तर ऑडिटर ती सोडेल का? प्रत्येक नोंदीखाली तुम्ही एक ओळ नॅरेशन लिहिता: रक्कम कशाची, कुणाला, कोणत्या बिलापोटी. ती ओळ तुमची, बिल दुसऱ्याचं, आणि ओळीत बिलाचा नंबर. भावाने तुमच्याकडे नॅरेशन मागितलं, काकांनी व्हाउचर. दोघांचंही मागणं रास्त होतं. दोघांनाही तुम्ही अर्धीच नोंद दिलीत.

ते अर्धेपण किती महागात पडलं ते तुमच्याच वादात बघा. अमरेली तेव्हा बडोदा संस्थानात होतं. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात केला आणि १९०६ मध्ये ती सक्ती सगळ्या संस्थानाला लागू केली. म्हणजे भावाचं साल खरं, तुमचंही खरं. तुम्ही टाकलेल्या चार लिंकांपैकी एखादीत हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी असण्याची दाट शक्यता आहे. पण लिंक टाकताना "१९०६ मध्ये नेमकं काय झालं" हे एका वाक्यात लिहावं लागलं नाही, त्यामुळे "सगळ्या संस्थानात" हे दोन शब्द तुमच्या मनातच राहिले. ते लिहिले असते तर भावाने "मग अमरेलीचं काय?" एवढंच विचारलं असतं आणि विषय पाच मिनिटांत मिटला असता. स्वतःच्या शब्दांत लिहायला लागलं की आपल्याला नेमकं काय माहीत आहे आणि काय नाही, हे आधी आपल्यालाच कळतं.

आणि त्या फॉरवर्डमधली खरी चूक दोघांच्याही नजरेतून निसटली. "जगात सर्वांत आधी" हे चूक आहे. प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात १७६३ मध्ये राजाज्ञेने मुलांना शाळेत धाडणं बंधनकारक झालं होतं, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १८५२ मध्ये तसा कायदा झाला, इंग्लंडमध्ये १८८० मध्ये. याने महाराजांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात जे होत नव्हतं ते बडोद्यात होत होतं, ही साधी गोष्टच मोठी आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा त्यांनी बडोद्याचाच दाखला दिला होता. तो दाखला कसा वापरला हेही बघण्यासारखं आहे: युक्तिवाद गोखल्यांचा, आणि "हे आपल्या देशात होऊ शकतं का" या शंकेला उत्तर म्हणून बडोदा. सरकारी बाजूने ते विधेयक पुढच्या वर्षी फेटाळलं. दाखला दिला म्हणून समोरचा मान्य करतोच असं नाही, ताई. तुमच्या पत्रातली "पुरावा दिल्यावर वाद संपायला हवा" ही अपेक्षा मला म्हणूनच थोडी सैल करावीशी वाटते. पुराव्याने वाद कुठे उभा आहे ते ठरतं, आणि तेवढंही पुष्कळ असतं.

सालांवरून आठवलं. तुमच्याकडे मराठी आणि गुजराती दोन्ही कागद वाचले जातात, आणि एका वर्षाच्या फरकावरून होणारी भांडणं बहुतेक वेळा तिथून येतात. जुन्या मराठी पुस्तकात शक असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवायचे, पण तारीख पौष-माघ-फाल्गुनातली आणि जानेवारी लागलेला असेल तर ७९. गुजराती कागदातला विक्रम संवत कार्तिकात, दिवाळीनंतर बदलतो. दिवाळीपासून ३१ डिसेंबरपर्यंत ५७ वजा करायचे, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. मूळ कागदात जे लिहिलंय ते तसंच द्या आणि शेजारी आपला हिशेब दाखवा. चूक झालीच तर ती बेरजेत झाली की कागदात, हे समोरच्याला लगेच दिसतं.

आता कशाला संदर्भ द्यायचा आणि कशाला नाही. न्यायशास्त्राने, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राने, ज्ञानाची साधनं चार मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. ग्रुपवर लिहिताना यातली तीन रोज लागतात. जे तुम्ही स्वतः पाहिलं, उदाहरणार्थ बडोद्यातल्या मांडवीपाशी परवा लावलेल्या फलकावर साल काय आहे, त्याला लिंक नको. कधी आणि कुठे पाहिलं ते सांगा, फोटो असेल तर उत्तम. जे तुम्ही दोन गोष्टींवरून ताडलंत, तिथे त्या दोन गोष्टी आणि मधली पायरी दाखवा. या पायरीला कुठल्याही पुस्तकाचा आधार मिळणार नाही, ती तुमचीच आहे आणि तिची जबाबदारीही तुमची. तिसरं शब्दप्रमाण, म्हणजे ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो खरं सांगतो त्याचं वचन. इथे मात्र त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. आकडा, साल, कायद्याचं कलम, औषधाची मात्रा, आणि कुणाच्या तोंडी घातलेलं वाक्य, या पाच गोष्टी बिनसंदर्भाच्या कधीच लिहू नका. महापुरुषांच्या तोंडी घातलेल्या वाक्यांबाबत तर फार कडक राहा. भाषण कुठलं, कधीचं, कोणत्या खंडात छापलंय, हे मिळत नसेल तर ते वाक्य पुढे ढकलू नका, कितीही आवडलं तरी.

संदर्भ द्यायचा कसा? भावाला तुम्ही हे पाठवलं असतं तर:

"माझं म्हणणं असं: सगळ्या बडोदा संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण १९०६ पासून. १८९३ मध्ये ते अमरेली तालुक्यात प्रयोग म्हणून होतं. हे अमुक लेखकाच्या अमुक पुस्तकात, अमुक सालच्या आवृत्तीत, अमुक पानावर आहे. त्या पानाचा फोटो खाली देते. 'जगात पहिलं' याला मात्र मला आधार सापडला नाही."

चार-पाच वाक्यं. आधी दावा, मग त्याची मर्यादा, मग जागा, मग जे सापडलं नाही ते. ही शेवटची ओळ लोक गाळतात, कारण त्याने आपली बाजू लंगडी दिसेल असं वाटतं. प्रत्यक्षात उलट होतं. आपण शोधलं आणि सापडलं नाही हे सांगणाऱ्या माणसाच्या बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो.

फोटो काढताना दोन काढा: एक त्या पानाचा, पान नंबर दिसेल असा आणि आधीची-नंतरची ओळ न कापता, दुसरा पुस्तकाच्या सुरुवातीच्या त्या पानाचा जिथे प्रकाशक, आवृत्ती आणि साल छापलेलं असतं. स्क्रीनशॉटमध्ये सर्वांत जास्त घोळ कापण्यात होतो. "असं काहींचं म्हणणं आहे, पण" हे वरच्या ओळीत राहून जातं आणि खालचं वाक्य लेखकाचं मत म्हणून फिरतं. पीडीएफचा पान नंबर देताना सांभाळा. स्क्रीनवर ५७ दिसत असतं आणि छापील पान ४१ असतं, कारण प्रस्तावनेची आणि कोरी पानं त्यात धरलेली असतात. छापील नंबर द्या, आणि स्क्रीनवरचा द्यायचा तर तसं म्हणा. अख्खी पीडीएफ टाकणं म्हणजे समोरच्याला तीनशे पानांची शिक्षा. शिवाय लेखक हयात असेल किंवा जाऊन साठ वर्षं झाली नसतील, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पुस्तकावर हक्क असतो. चर्चेसाठी थोडा उतारा देणं चालतं, सगळं पुस्तक वाटणं नाही.

लिंक द्यायचीच असेल तर एक द्या, चार नको, आणि तिच्यातला कोणता परिच्छेद वाचायचा ते सांगा. लिंक मरतात. महत्त्वाचं पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर साठवून तो पत्ता द्यावा. विकिपीडियाचं पान रोज बदलू शकतं, म्हणून पानाच्या इतिहासात जाऊन त्या दिवसाच्या आवृत्तीची लिंक घ्या. पण त्याहून बरं म्हणजे खालची तळटीप उघडा आणि मूळ लेख गाठा. तिथे गेल्यावर कधी कधी असं दिसतं की वर्तमानपत्राने विकिपीडियावरून उचललं आणि विकिपीडियाने मग त्या वर्तमानपत्राचा हवाला दिला. दोन संदर्भ दिसतात, उगम एकच. फॉरवर्डवरच्या दुहेरी बाणाचंही तसंच: मजकूर निदान पाच चॅटमधून पुढे सरकत आलाय एवढंच तो बाण सांगतो. पाच जणांनी पाठवलं म्हणजे पाच जणांनी तपासलं असं होत नाही.

आणि एक अलीकडची गोष्ट. बरेच जण एआय चॅटबॉटला विचारून आलेलं उत्तर स्वतःच्या शब्दांसारखं टाकतात, सोबत पुस्तकांची नावंही. यातली काही पुस्तकं अस्तित्वातच नसतात. लेखक खरा, प्रकाशक खरा, पुस्तक मात्र कधी निघालेलंच नाही. यादीतलं नाव ग्रंथालयाच्या सूचीत किंवा प्रत्यक्ष हातात येईपर्यंत त्याला संदर्भ म्हणू नका. तुमच्या शहरात हे तपासणं सोपं आहे. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, ते मध्यवर्ती ग्रंथालय आजही उभं आहे.

आता तुमच्या मनातल्या खऱ्या शल्याकडे येऊ: "माझ्या शब्दांना किंमत ती काय?"

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढायला घेतले. गावोगाव फिरून गोळा केलेली अस्सल पत्रं जशीच्या तशी छापायची, बखरीवर विसंबायचं नाही, हा त्यांचा बाणा. कागद म्हणजेच सर्व काही मानणारा माणूस. तरीही त्यांनी खंडांना लांबलचक प्रस्तावना लिहिल्या, कारण कागद नुसता छापला म्हणजे बोलत नाही. दुसरीकडे इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई तुमच्याच बडोद्यात महाराजांच्या नोकरीत होते. राजघराण्यातल्या मुलांना शिकवता शिकवता काढलेल्या टिपणांतून त्यांचं रियासतींचं, म्हणजे एकेका राजवटीचा इतिहास सांगणाऱ्या ग्रंथांचं, काम उभं राहिलं. त्यांचं लिखाण कथनाचं, सलग आणि त्यांच्या शब्दांतलं. पण ते उभं होतं ते अशाच छापलेल्या कागदांवर, आणि पुढे त्यांनी स्वतः पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. कागदवाल्याला शब्द लागले, शब्दवाल्याला कागद. तुम्ही अभ्यासक नसाल, पण चाळीस जणांच्या घरात "हा कागद काय म्हणतो" हे नीट मराठीत सांगणारं कुणीतरी लागतंच. हिशेब बघणाऱ्या माणसाला ते चांगलं जमायला हवं.

स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची एक रीत आहे. उतारा दोनदा वाचा, मग पुस्तक मिटा. न बघता तीन वाक्यांत लिहा. मग उघडा आणि तीन गोष्टी ताडून बघा: आकडे, नकार, आणि "बहुधा", "काही", "फक्त" असे आवर घालणारे शब्द. चूक होते ती इथेच. "काही तालुक्यांत" मधलं "काही" गळतं, "पुरावा मिळत नाही" चं "झालंच नाही" होतं. पुस्तक उघडं ठेवून लिहिलं तर वेगळीच भानगड होते: क्रियापदं तेवढी बदलली जातात, वाक्याची ठेवण लेखकाचीच राहते, आणि ते ना धड अवतरण ना धड आपलं. वाक्य जसंच्या तसं आवडलं असेल तर अवतरणचिन्हांत द्या, दोन-तीन ओळींपेक्षा जास्त नको. इंग्रजी किंवा गुजराती मजकूर असेल तर "भाषांतर माझं" असं लिहा आणि मूळ ओळही खाली द्या. घरात तिन्ही भाषा वाचणारे लोक आहेत, ते सुधारून देतील.

आपल्या भाषेत एक फार प्रामाणिक शब्द आहे: "म्हणे". "महाराजांनी म्हणे मुद्दाम पाठ फिरवली." बोलणारा सांगतोय की हे ऐकीव आहे. तिसऱ्या फॉरवर्डपर्यंत तो "म्हणे" गळून पडतो आणि उरतं: "महाराजांनी मुद्दाम पाठ फिरवली." तुमच्याकडे जे ऐकीव आहे त्यात तो शब्द राहू द्या. त्याने वाक्य कमजोर होत नाही, खरं होतं.

तोच दिल्ली दरबार घेऊ, कारण काकांना उत्तर द्यायचं राहिलंय. १२ डिसेंबर १९११ ला संस्थानिक एकेक करून बादशहाला मुजरा करत होते, आणि निजामानंतर महाराजांची पाळी होती. ते पुढे झाले, वाकले आणि पाठ करून परतले, आणि याने बादशहाचा अपमान झाला असा गहजब झाला. पुढे महाराजांनी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंजना पत्र लिहून खुलासा केला, दिलगिरी व्यक्त केली, आपण गोंधळून गेलो होतो असं सांगितलं. त्या प्रसंगाची चित्रफीतही आहे. आता "मुद्दाम केलं की नाही" याचा पुरावा काकांनी मागितला, तर काय द्याल? चित्रफितीत हालचाल दिसते, हेतू दिसत नाही. पत्रात हेतूबद्दल लिहिलंय, पण ते दडपणाखाली लिहिलेलं आहे, म्हणून त्याचा शब्दन् शब्द प्रमाण धरावा असंही नाही आणि खोटा ठरवावा असंही नाही. इथे कितीही लिंका दिल्या तरी प्रश्न सुटत नाही. इथे तुमचं अनुमानच लागतं: मला असं वाटतं, या या कारणाने, आणि अमुक कागद समोर आला तर मी मत बदलेन. जिथे पुरावा भरपूर आहे तिथे तुम्ही शब्द दिले नाहीत, आणि जिथे शब्दांची गरज होती तिथे अनुमान कुठलं आणि माहिती कुठली हे वेगळं केलं नाहीत. तुमची अडचण मला तरी एवढीच दिसते.

ग्रुप सोडण्याआधी एक तपासा. आपल्याकडे वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: खरं काय ते कळावं म्हणून केलेली, जिंकण्यासाठी केलेली, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची खोडत राहणारी. काका कुठल्या प्रकारात आहेत ते एका प्रश्नाने कळतं: "काका, काय दाखवलं तर तुम्हाला पटेल?" त्यांनी काही ठोस सांगितलं, एखादं पुस्तक, एखादा कागद, तर तो वाद आहे, वेळ काढून द्या. "तू दाखव तर खरं" असंच उत्तर आलं आणि प्रत्येक पुराव्यानंतर नवा मागितला गेला, तर दोनदा उत्तर द्या आणि थांबा. दावा करणाऱ्याने आधार द्यावा हे खरं, पण एका दाव्याचा आधार एकदाच द्यायचा असतो. ते थोरले आहेत, तेव्हा ग्रुपवर चारचौघांत ताणण्यापेक्षा फोन करा किंवा घरी जाऊन बसा. पुस्तकाचं पान हातात ठेवून शेजारी बसलेल्या पुतणीशी माणूस वेगळं बोलतो.

आणि पुढे कधी तुमचं चुकलेलं निघालं, तर जुना मेसेज गुपचूप डिलीट करू नका. त्याच मेसेजला रिप्लाय करून लिहा: इथे मी अमुक म्हटलं होतं, बरोबर असं आहे, हे अमुक पानावर मिळालं.

काकांना दरबाराबद्दलचा मेसेज आज लिहा: पहिल्या दोन ओळींत काय घडलं आणि ते कशावरून माहीत आहे, मग एक मोकळी ओळ, आणि खाली "माझं अनुमान" असं लिहून तुमचं मत. तो पाठवण्याआधी मामेभावाला मात्र एक ओळ जायला हवी: "तुझं १८९३ पण बरोबर होतं रे, अमरेलीचं."